समासातलं बोलणं

आमच्या छापखान्यात त्यांना सगळे अनुस्वार म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. उंचीनं बेताचे, डोकं गोल, आणि काम म्हणाल तर गुपचूप दुसऱ्याच्या अक्षरांच्या डोक्यावर जाऊन बसायचं. मुद्रितशोधक होते ते. म्हणजे साध्या भाषेत, पुस्तक छापायच्या आधी प्रुफं वाचून चुका काढणारा माणूस. लेखक कितीही मोठा असो, त्याच्या ऱ्हस्व-दीर्घाची लाज यांच्या हातात. तेवीस वर्षं ते खिडकीजवळच्या टेबलाशी मान खाली घालून बसले, आणि त्यातली एकोणीस वर्षं त्यांच्या समोरच्या टेबलाशी मी बसले. मी टाईप करते. माझ्या चुका त्यांनी जितक्या पाहिल्यात तितक्या माझ्या सासूनंही पाहिल्या नसतील, आणि ती बाई काही कमी नव्हती.

आम्ही छापतो काय, तर तरुण मुलामुलींसाठीच्या कादंबऱ्या. प्रेम, हाल आणि आशा. मालकांचं गणित पक्कं आहे. सोळा पानांचा एक फर्मा. पहिले चार फर्मे प्रेम, मधले नऊ फर्मे हाल, आणि शेवटच्या फर्म्यात सूर्य उगवलाच पाहिजे. एका लेखकानं एकदा शेवट पावसाळी ठेवला तर मालकांनी हस्तलिखित परत पाठवलं होतं. खाली बांधणीच्या खोलीत बायका फर्मे दुमडता दुमडता ही पुस्तकं वाचतात आणि पदरानं नाक पुसतात. मी नाही पुसत. कांदा चिरतानाही माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही, तर कागदावरच्या पोरीसाठी काय येणार.

पण अनुस्वारांची गोष्ट वेगळी होती. मला पाणी येत नाही ते माझ्या तापट स्वभावानं. त्यांना काही होतच नव्हतं. एका पुस्तकात नायिका थंडीत स्टेशनच्या बाकावर मरते, अशी मरते की बांधणीतल्या दोघी दुपारी जेवल्या नाहीत. यांनी प्रूफ माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "पान दोनशे सातवर 'हुंदका'वरचं टिंब राहिलंय." मी म्हटलं, "अहो, पोरगी मेली ना." तर म्हणाले, "हो. ते बरोबर आहे."

आधीपासून असे नव्हते, हे मला सांगायला हवं. बायको होती तेव्हा निदान विनोद करायचे, फार पांचट का असेना. मालकांनी पगार लांबवला की म्हणायचे, "आमचा पगार म्हणजे पूर्णविराम, वाक्य संपल्याशिवाय येत नाही." तीन वर्षांपूर्वी बायको गेली. बरेच दिवस तिला दम लागायचा, जिना चढताना दोनदा थांबायची. एका सकाळी दवाखान्यात तपासणीचा निकाल आणायला एकटीच गेली, तिथं रांगेतल्या बाकावर बसली, आणि तिचा नंबर पुकारला तेव्हा ती उठली नाही. हातात नंबराची चिठ्ठी तशीच होती. कुणाचाच काही दोष नव्हता, आणि तेच वाईट. दोष असता तर माणूस त्याच्यावर तरी ओरडला असता.

पाचव्या दिवशी हे कामावर हजर. टेबल पुसलं, लाल पेन उघडलं आणि अर्धं राहिलेलं प्रूफ पुढं सुरू केलं. खालच्या बायका म्हणाल्या, माणूस आहे की दगड. मीही म्हणाले, खोटं कशाला बोलू. पण मी समोर बसत होते, त्यामुळे मला दिसत होतं. दगडसुद्धा ऊन लागलं की तापतो. यांना उन्हाचाही पत्ता नव्हता. खिडकीतून ऊन सरळ डोळ्यांवर यायचं आणि हे पडदा ओढायचे नाहीत. मग मी उठून ओढायची आणि चार शब्द सुनावायची. ते "बरं" म्हणायचे.

त्यांना एकच मुलगी. आई गेली तेव्हा पंधरा वर्षांची. शाळा सुटल्यावर घरी कुणी नसायचं, म्हणून ती छापखान्यात यायची आणि माझ्याजवळ स्टुलावर बसून रद्दी झालेली प्रुफं वाचायची. मला मावशी म्हणायची. प्रेम, हाल आणि आशा यांवरच वाढली म्हणा ना ती पोर. मी एकदा वैतागून म्हटलं, "अगं, किती वाचशील तीच ती रडगाणी? पहिल्या पानावर चप्पल तुटते आणि शेवटच्या पानावर नवी मिळते."

ती म्हणाली, "मावशी, या पुस्तकांतली माणसं निदान एकमेकांशी बोलतात."

मी पुढचं पान टाईप करायला घेतलं.

त्यांचं घर मी पाहिलेलं आहे. सायकलदुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत ओटा, मोरी, मुलीची खाट. आतल्या खोलीत यांचं टेबल आणि दिवा. घरी यांची एकूण तीन वाक्यं. जेवलीस? दार लाव. दिवा बंद कर. मुलीनंच मला बोटांवर मोजून सांगितलं होतं. भांडण नाही, मारझोड नाही, दारू नाही, स्वयंपाकही निम्मा हेच करायचे. मिठाची गुळणी धरलेली, बस. तीन वर्षं एका माणसानं गुळणी धरली तर घरातल्या दुसऱ्याचंही तोंड हळूहळू खारट होतं.

ती अठराची झाली आणि एके दिवशी माझ्यासमोर दोनशे पानी वही ठेवली. म्हणाली, "टाईप कराल?"

कादंबरी होती. मी मनात म्हटलं, झालं, घरचं झालं थोडं. पण घरी नेली आणि संध्याकाळचा स्वयंपाक टाकून वाचली. एक मुलगी, खालच्या दुकानातला एक मुलगा जो तिला पाहून मुद्दाम चाकाची हवा काढतो आणि मुद्दाम भरतो, एक आई जिला दम लागतो, आणि बाप घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून बसलेला. प्रूफ वाचणाऱ्याचा घड्याळजी केला होता तिनं, बाकी जसंच्या तसं.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "आणि हे छापायचं आहे तुला? त्यांच्या नाकासमोर?"

"त्यांच्या हातानंच," ती म्हणाली. "टोपणनावानं. मालकांना मी टपालानं पाठवते. घेतली तर प्रूफ बाबांकडं जाईलच. तुम्ही सांगायचं नाही."

"का बरं? सरळ त्यांच्या हातात वही दे ना."

"दिली तर चुका काढून परत देतील." मग तिनं मला पुढचं सांगितलं. तिला दुसऱ्या गावी शिकायला जागा मिळाली होती, प्रयोगशाळेत रक्त तपासायचं शिक्षण, तीन वर्षं, वसतिगृहात राहून. "बाबांनी ओळखलं, एक शब्द जरी बोलले, तर सुट्टीत घरी येईन. नाही ओळखलं तर सुट्टीतही तिकडंच राहीन. कुणाकडं यायचं मावशी? टेबलाकडं?"

मी तिला झाप झाप झापलं. बापाची अशी परीक्षा घेतात का, माणूस खचलेला आहे, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही, रडली नाही. तिच्या तोंडावरही तेच होतं, बापाच्या तोंडावर होतं ते. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. एकाला झालं तर दुःख म्हणता येतं. हे घरात पसरत होतं.

मालकांनी कादंबरी घेतली. म्हणाले, "हाल चांगले आहेत. शेवटी सूर्य जरा ढगाळ आहे, पण चालेल." मूळ प्रत म्हणून मी माझीच टाईप केलेली प्रत अनुस्वारांना दिली, हस्ताक्षर दिसू नये म्हणून. वही माझ्या खणात.

प्रूफ त्यांच्या टेबलावर गेलं त्या दिवसापासून माझं कामात लक्ष लागेना. मी समोरून पाहत राहायची. पान उलटलं, लाल खूण, पान उलटलं, लाल खूण. पहिल्या फर्म्यातच त्यांची स्वतःची मोरी होती, तिचा गळका नळ होता, नळाला बांधलेली चिंधी होती. त्यांनी चिंधीचा अनुस्वार नीट केला. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. विचारलं, "कशी आहे हो नवी कादंबरी?"

"लेखिका नवीन दिसते," ते म्हणाले. "ऱ्हस्व-दीर्घ बरं आहे."

संध्याकाळी मुलगी आली आणि नुसत्या भुवयांनी विचारलं. मी सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि स्टुलावर बसून बॅगेचा पट्टा शिवायला लागली. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, असं मला वाटलं, आणि त्या माणसाचा इतका राग आला की दुसरा अख्खा दिवस मी त्यांचा पडदा ओढला नाही.

पुढच्या गुरुवारी पूर्ण प्रूफ माझ्याकडं दुरुस्तीला आलं. मी एकेक फर्मा समोर घेऊन चुका सुधारत गेले. नववा फर्मा, पान एकशे एकोणतीस ते एकशे चव्वेचाळीस. यात आईची शेवटची सकाळ आहे. मुलगी मोरीशी दात घासतेय, बाप आतल्या खोलीत भिंग लावून बसलाय, आई फाईल काखेत धरून दाराशी उभी. आणि ती म्हणते, "जाते."

आता हे कुणाला समजावून सांगायला नको. घरातून निघताना आपल्यात कुणी जाते म्हणत नाही. येते म्हणतात. बोलायला लागल्यापासून शिकवतात. चुकून कुणाच्या तोंडून गेलंच तर घरातलं कुणीतरी लगेच ओरडतं, अगं, जाते काय, येते म्हण. त्या कादंबरीतली आई रोज येते म्हणायची. त्या दिवशी जाते म्हणाली. आतून बापाचं "हं" आलं. मुलीनं ऐकलं, तिला वाटलं, म्हणावं, आई, येते म्हण. पण तोंडात फेस होता. थुंकेपर्यंत आई जिना उतरली होती. सगळी कादंबरी त्या एका शब्दावर उभी आहे. पुढचे चार फर्मे ती मुलगी तो न थुंकलेला फेस तोंडात घेऊनच जगते.

तिथं लाल पेनानं 'जाते' खोडलं होतं. समासात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'येते'.

माझं डोकं फिरलं. मी पान घेऊन तशीच त्यांच्या टेबलाशी गेले. "हे काय केलंत?"

त्यांनी पान पाहिलं. "निघताना कुठलीच बाई जाते म्हणत नाही. लेखिकेच्या हातून चूक झाली आहे."

"आणि मुद्दाम लिहिलं असेल तर?"

"चूक आहे," ते म्हणाले आणि मान खाली घातली.

मी परत आले. उचलली जीभ लावली टाळ्याला हा माझा स्वभाव, तरी त्या दिवशी कसं कोण जाणे तोंड आवरलं. दुरुस्त्या करायला पुन्हा फर्मा घेतला, आणि तेव्हा मला दिसलं. माझी एक खोड आहे. मला 'आणि' टाईप करता येत नाही. घाईत णी दीर्घच पडते. एकोणीस वर्षं हा माणूस माझ्या प्रत्येक 'आणी'ला लाल वेलांटी लावत आलाय, एक सोडली नाही. बायको गेल्यावरच्या पाचव्या दिवशीही सोडली नव्हती. त्या फर्म्यात मी अकरा वेळा 'आणी' लिहिलं होतं. अकराच्या अकरा तशीच. एका ठिकाणी मी एक अख्खी ओळ दोनदा टाईप केली होती, तीही तशीच. सोळा पानांत एकच लाल खूण होती, आणि ती बरोबर असलेल्या शब्दावर.

त्यांनी ओळखलं होतं. बहुधा पहिल्या फर्म्यातल्या चिंधीपासून ओळखलं होतं.

मी खुर्चीत बसून राहिले. मला वाईट वाटलं, पण नुसतं वाईट नाही. इतके दिवस मी त्या माणसाला दगड म्हणत होते आणि तो समोर बसून स्वतःच्या बायकोचं मरण वाचत होता, आणि मी त्याला विचारत होते, कशी आहे हो नवी कादंबरी.

संध्याकाळी ते घरी गेल्यावर मुलीला फर्मा दाखवला. 'आणी' मोजून दाखवल्या. मला वाटलं, पोर आता रडेल, धावत घरी जाईल, पुस्तकात होतं तसं काहीतरी होईल. तिनं त्या लाल शब्दावर बोट ठेवलं.

"ओळखलं," ती म्हणाली. "आणि ओळखूनही हेच बदललं."

"अगं, त्यांना सहन नाही झालं."

"मला झालं?" ती म्हणाली. माझ्या टेबलावरचं निळं पेन उचललं. लेखकाच्या दुरुस्त्या आमच्याकडं निळ्या असतात. लाल शब्दाशेजारी तिनं लिहिलं, 'लेखिकेला "जाते" हाच शब्द हवा आहे.'

मी म्हटलं, "आता घरी जाऊन बोला ना दोघं."

"घरी नाही. इथंच."

व्याकरणात समास म्हणजे दोन शब्द जवळ येणं, आणि कागदावर समास म्हणजे कडेला सोडलेली रिकामी जागा. शाळेत मला याचं हसू यायचं. पुढचा आठवडाभर ते दोघं त्या चार बोटं जागेत बोलले. एकाच घरात राहत होते, एका पातेल्यातलं जेवत होते, आणि कागद फिरत होता माझ्या टेबलावरून. मी पोस्टमन. सकाळी फर्मा त्यांच्या टेबलावर ठेवायचा, संध्याकाळी मुलीला दाखवायचा.

त्यांनी लाल पेनानं लिहिलं, 'लेखिकेने पुन्हा आठवून पाहावे. सवयीने "येते"च म्हटले असणार.'

तिनं निळ्यानं लिहिलं, 'लेखिका पाच पावलांवर होती. मुद्रितशोधक कुठे होते?'

हे वाचून मी फर्मा खणात टाकला. दुसऱ्या दिवशी फर्मा त्यांच्यापुढं ठेवायचा नाही असं मी ठरवलं होतं. पण ते स्वतः उठून आले आणि हात पुढं केला. एकोणीस वर्षांत त्यांनी माझ्याकडं असा कागद कधी मागितला नव्हता.

त्यात मध्येच मालक आले. दुष्काळात तेरावा महिना. त्यांनी फर्मा उचलून वाचला, त्यांना वाटलं लेखिका आणि मुद्रितशोधक शब्दावरून वाद घालतायत. म्हणाले, "अहो, 'येते'च ठेवा. त्यात आशा आहे. वाचकाला वाटतं, येईल बिचारी परत."

अनुस्वार म्हणाले, "येत नाही ती." मालकांना वाटलं, कथानकाबद्दल बोलतायत. "हो, ते मला माहीत आहे, पण वाटायला काय हरकत आहे," असं म्हणून निघून गेले.

त्या दिवशी दुपारभर त्यांनी दुसरं काही वाचलं नाही. संध्याकाळी फर्मा माझ्या टेबलावर आला. समास भरला होता, म्हणून त्यांनी पानाच्या तळाशी लिहिलं होतं, आणि अक्षर नेहमीसारखं स्वच्छ नव्हतं.

'मुद्रितशोधक आतल्या खोलीत होते. सोबत यायचे कबूल केले होते, पण प्रूफ दुपारपर्यंत द्यायचे होते. तिने काय म्हटले ते ऐकले नाही. आवाज आला म्हणून "हं" म्हटले. मान वर केली नाही. तीन वर्षे "येते" असे धरून चाललो होतो. लेखिकेचे बरोबर असावे.'

खाली त्यांनी स्वतःची लाल दुरुस्ती स्वतःच खोडली होती.

मुलीनं ते उभ्यानं वाचलं. मी बाजूला सरकून कपाटातल्या फायली लावायला लागले, ज्या आधीच लावलेल्या होत्या. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "शेवटचं वाचन कधी आहे?"

"शनिवारी दुपारी."

शेवटचं वाचन आमच्याकडं दोन माणसांनी होतं. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, अक्षर न् अक्षर, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्यानं प्रुफावर बोट ठेवून पाहत जायचं. वाचायचं काम माझं. सूर लावायचा नाही, भाव आणायचा नाही. भाव आणला की डोळा अक्षरावरून घसरतो, असं अनुस्वारच सांगायचे. शनिवारी मी पाणी पिऊन बसणार तेवढ्यात मुलगी आली आणि माझ्या खणातून वही काढून माझ्याच खुर्चीत बसली. सोमवारी तिला निघायचं होतं. बाप-लेकीनं एकमेकांकडं पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी प्रूफ पुढं ओढलं आणि म्हणाले, "सुरू करा." तिला करा म्हणाले.

तिनं पहिल्या पानापासून वाचलं. सरळ, सपाट आवाजात, आम्ही वाचतो तसं. "नळाला चिंधी बांधली होती पूर्णविराम नवा परिच्छेद." चार तास गेले. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर होते, तिच्याच. मला उठून जाता आलं असतं, पण गेले नाही. नववा फर्मा आला. तिचा आवाज बदलला नाही. बदलला असता तर मला बरं वाटलं असतं.

"आई दाराशी उभी राहिली पूर्णविराम फाईल काखेत होती पूर्णविराम अवतरण सुरू जाते पूर्णविराम अवतरण बंद."

त्यांचं बोट थांबलं.

"पुन्हा वाचा," ते म्हणाले.

"अवतरण सुरू जाते पूर्णविराम अवतरण बंद."

"पुन्हा."

तिनं पुन्हा वाचलं. या वेळी त्यांनी मान वर केली होती आणि ते तिच्या तोंडाकडं पाहत होते, प्रुफाकडं नाही. खालचं यंत्र चालू होतं, त्याची धडधड फरशीतून येत होती. मग ते म्हणाले, "ऐकलं. पुढं."

"आतून बाबांचं हं आलं पूर्णविराम मला म्हणायचं होतं स्वल्पविराम आई स्वल्पविराम येते म्हण पूर्णविराम पण तोंडात फेस होता पूर्णविराम मी ते दुरुस्त केलं नाही पूर्णविराम."

"तू पंधरा वर्षांची होतीस," ते म्हणाले. "घरात चुका दुरुस्त करणारा माणूस मी होतो. ते काम माझं होतं. तुझं नव्हतं."

वहीच्या पानावर तिचा अंगठा होता तो तिनं हलवला नाही. मग तिनं पुढचं वाक्य वाचलं, त्याच्या पुढचं वाचलं, आणि ते पुन्हा बोट ठेवून पाहत गेले. मी मुद्दाम तशाच ठेवलेल्या 'आणी' आल्या तशा त्यांनी वेलांटीनं नीट केल्या, अकराच्या अकरा. फर्मा संपला. तिनं वहीत बोट घालून ती मिटली.

"मे महिन्यात सुट्टी लागते, बाबा," ती म्हणाली. "वीस दिवस."